छारानगरचे वाचनालय आणि 'बुधन'

अहमदाबादेत नरोड्याच्या बाजूला कुबेरनगर नावाचा भाग आहे. त्याला लागून छारानगर. तिथली आडनावे ऐकली तर आपल्या कोणालाही वाटेल की ही मंडळी आपल्याच कोकणातली किंवा घाटावरची असणार. इंद्रेकर, गागडेकर, माछरेकर, तमायचे, बजरंगे. पण शहरात या आडनावांचा अर्थ वेगळा लावला जातो. छारानगरचा पत्ता सांगितला की नोकरीची मुलाखत आटोपती घेतली जाते, बँकेतले कर्जाचे कागद टेबलावरच राहतात आणि शेजारच्या वस्तीतली आई आपल्या मुलाला सांगते, तिकडे खेळायला जाऊ नकोस.

तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला काय सोसावे लागते ते आपण सगळे थोडेफार जाणतो. शिक्षा न्यायाधीश मोजून देतात, पण सुटल्यानंतरची शिक्षा गाव देते आणि तिला मुदत नसते. छारानगरची गोष्ट याच जातीची आहे. फरक एवढाच की इथे एका माणसाला शिक्षा झालेली नव्हती. अख्ख्या जमातीला झाली होती, आणि तीही गुन्हा घडण्याच्या आधी.

इंग्रजांनी १८७१ मध्ये एक कायदा केला. मराठीत आपण त्याला गुन्हेगार जमाती कायदा म्हणतो. त्यामागची कल्पना अशी होती की या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, म्हणजे चोराचा मुलगा चोरच होणार. तेव्हा चोरी होण्याची वाट कशाला बघायची? जमातीचीच नोंद करून टाकावी. आधी उत्तर हिंदुस्थानात, मग बंगालमध्ये आणि पुढे मुंबई-मद्रास इलाख्यांतही हा कायदा आला. ज्यांची नावे नोंदवहीत चढली त्यांनी ठरल्या वेळी पोलिसांपुढे हजेरी द्यायची. गाव सोडायचे तर पास घ्यायचा. पास नसताना दुसऱ्या गावात सापडला तर तोच गुन्हा. आणि जिथे सरकारला योग्य वाटेल तिथे कुटुंबेच्या कुटुंबे उचलून तारेच्या कुंपणात नेऊन ठेवायची. या जागांना 'सेटलमेंट' म्हणत.

सोलापूरकरांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. तिथली सेटलमेंट देशातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक होती आणि आतली माणसे शहरातल्या गिरण्यांत कामाला जात. शहराच्या त्या भागाला लोक आजही त्याच नावाने ओळखतात. विजापूर, हुबळी, गदग या आपल्या सीमाभागाजवळच्या गावांतही अशा वसाहती होत्या. अहमदाबादच्या छारांना असेच आणून ठेवले होते. छारा, महाराष्ट्रातले कंजारभाट आणि राजस्थान-पंजाबातले सांसी ही मुळात एकाच गोतातली माणसे. त्यांची आपसातली बोली भांतू. वसाहतीत जन्मलेले मूल कुंपण बघतच मोठे होई. त्याला कोणी विचारत नसे की तू काय केलेस. तू कोण आहेस, एवढे पुरे असे.

देश स्वतंत्र झाला १५ ऑगस्ट १९४७ ला. हा कायदा देशभर रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणजे ही माणसे आपल्यापेक्षा पाच वर्षे सोळा दिवसांनी सुटली. म्हणून त्यांचा स्वातंत्र्यदिन वेगळा. ३१ ऑगस्टला ते 'विमुक्त दिन' पाळतात. नाव चांगले आहे, पण लगेच राज्याराज्यांतून सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याने तो १९५९ मध्ये केला. आधीच्या कायद्यात जमात लिहिलेली असे, नव्यात व्यक्ती. ठाण्यातल्या माणसाची नजर मात्र तीच राहिली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये हे कायदे रद्द करावेत अशी शिफारस केली.

इथे आपल्या मराठीविषयी थोडे बोलले पाहिजे. आपण सहज म्हणून जातो, 'काय भामटा माणूस आहे!' भामटा ही एक जमात होती. 'अगदी बेरड झालाय,' असे निर्लज्ज मुलाला म्हणतो. बेरड हीही एक जमात, बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यातली, एके काळी किल्ल्यांची आणि गावांची राखण करणारी. उचल्या हेसुद्धा जमातीचेच नाव. कायदा १९५२ ला गेला, पण शब्दकोशातून या नोंदी कोणी काढल्या नाहीत. मुलांना रागावताना आपण त्या रोज वापरतो, आणि वापरणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, हेच त्यातले जास्त अवघड.

आपल्याकडे या हजेरीच्या विरुद्ध जाणारा एक राजाही होऊन गेला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी आणि बेरड यांची हजेरी बंद केली. फासेपारध्यांना तर त्यांनी पहाऱ्याच्या कामावर ठेवले. ज्यांच्यावर पहारा ठेवायचा तेच पहारेकरी! दरबारातल्या मंडळींना हे पसंत पडले असेल असे मला वाटत नाही.

आता आपल्या बडोद्याकडे येऊ. महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे गणेश देवी आपल्यापैकी अनेकांना माहीत आहेत. मूळचे भोरचे, कोल्हापूरला शिकलेले मराठी गृहस्थ. विद्यापीठातली नोकरी सोडून त्यांनी १९९६ मध्ये बडोद्याला 'भाषा' ही संस्था काढली आणि पुढे तेजगढला आदिवासी अकादमी उभी केली. १९९८ मध्ये 'भाषा'च्या व्याख्यानासाठी बंगालीतल्या थोर लेखिका महाश्वेता देवी बडोद्याला आल्या. त्या बोलल्या विमुक्त जमातींवर. त्या सुमारास महाश्वेतादेवी, देवीसर आणि 'उचल्या'चे लेखक लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्त आणि भटक्या जमातींच्या हक्कांसाठी एक गट स्थापन केला. एक बंगाली, दोन मराठी, आणि बैठक गुजरातेत.

याच काळात महाश्वेतादेवी आणि देवीसर छारानगरला गेले. वस्तीतली पोरे जमली. अशा वेळी पाहुण्यांकडे काय मागितले जाते? नळ, रस्ता, नोकरी. छारानगरच्या पोरांनी वाचनालय मागितले. ही मागणी ऐकून पाहुणेही चकित झाले. १९९८ मध्येच वस्तीत एक छोटे वाचनालय सुरू झाले. पुस्तके आली, वर्तमानपत्रे आली, मासिके आली. त्यात एका शबर माणसाच्या मृत्यूची हकिगत आणि त्यावर कलकत्ता उच्च न्यायालयाने दिलेला निकालही होता.

ती हकिगत अशी. बुधन शबर हा पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यातला खेडिया शबर समाजाचा तरुण. हाही समाज 'गुन्हेगार' म्हणून नोंदलेला. १० फेब्रुवारी १९९८ ला तो बायकोला, श्यामलीला, सायकलवर घेऊन निघाला होता. वाटेत बडाबाजार इथे पान घ्यायला थांबला. पोलिसांनी त्याला तिथूनच उचलले. मारहाण झाली. १७ फेब्रुवारीला तो कोठडीत मेला. त्याने गळफास घेतला, असे पोलिसांनी सांगितले.

शबर लोक जंगलातले गरीब, अक्षरशत्रू. कायद्याचा अभ्यास केलेला तिथे कोणी नव्हता. पण प्रेत जाळले की पुरावाही जळतो, एवढे त्यांना बरोबर समजले होते. त्यांनी गवताचा पुतळा करून तो सरणावर चढवला आणि बुधनचे प्रेत त्याच्या झोपडीतच जमिनीखाली पुरून ठेवले. शबर कल्याण समिती आणि तिच्या पाठीशी असलेल्या महाश्वेतादेवी न्यायालयात गेल्या. प्रेत बाहेर काढून पुन्हा तपासणी झाली. जुलै १९९८ मध्ये न्यायमूर्ती रूमा पाल यांनी निकाल दिला, श्यामलीला भरपाई द्यायला सांगितली आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला.

हजार-दीड हजार मैलांवरच्या अहमदाबादेत छारानगरच्या पोरांनी हे वाचले. पुरुलिया कुठे आहे हे त्यांच्यातल्या निम्म्यांना नकाशात दाखवता आले नसते. पण पान घ्यायला थांबलेल्या माणसाला उचलून नेणे त्यांना पुरेपूर ठाऊक होते. हे घरातलेच होते. कोणाचा बाप, कोणाचा काका, कोणाची आई, रात्रीबेरात्री दार वाजून नेली गेलेली. त्यांनी ठरवले की यावर नाटक करायचे. दक्षिण बजरंगे या वस्तीतल्याच तरुणाने संहिता लिहून काढली, पण ती घडली सगळ्यांच्या तालमीत. पोलीस कसा बसतो, शिवी कशी घालतो, काठी मारण्याआधी कुठे बघतो हे कोणाला शिकवावे लागले नाही. छारा लोक स्वतःच गमतीने म्हणतात की आम्ही जन्मजात नट आहोत. नटाइतका अभिनय येत नसेल तर चोरी तरी कशी जमेल? ही गंमत त्यांनीच करावी. आपण करू नये.

३१ ऑगस्ट १९९८ ला, विमुक्त दिनी, छारानगरमध्ये देशभरातल्या विमुक्त-भटक्यांच्या मेळाव्यात 'बुधन'चा पहिला प्रयोग झाला. ना पडदा, ना नेपथ्य. हिंदीतले पथनाट्य, तरुण नट, भोवती वस्ती. मेलेल्या शबराचेच नाव या मंडळींनी आपल्या गटाला घेतले, 'बुधन थिएटर'.

ही माणसे स्वतःची गोष्ट सांगायला उठली आणि सुरुवात केली दुसऱ्याच्या गोष्टीपासून, याचा मला फार विचार करावासा वाटतो. तुरुंगातून आलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो, तू काय केले होतेस? म्हणजे त्याने बोलायला सुरुवात करावी ती आरोपपत्रापासून. तिथून सुरू झालेली गोष्ट पुढे कितीही खरी असली तरी ती कबुलीजबाब तरी होते नाहीतर सफाई. दोन्हीत ऐकणारा उंचावर बसलेला असतो. छारानगरच्या मुलांनी हे टाळले. ठरवून टाळले की आपोआप घडले, मला माहीत नाही. त्यांनी बुधनचे दुःख सांगितले आणि ते सांगता सांगता प्रेक्षकाला हे कळत गेले की सांगणाराही त्याच घरातला आहे. आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलण्याऐवजी ते साक्षीदाराच्या जागेवरून बोलले.

दुसरे नाटक आले ते आपल्या महाराष्ट्रातले. पिन्या हरी काळे हा बारामती भागातला पारधी, १९९८ मध्येच पोलीस कोठडीत मेला. त्याच्यावर या गुजराती बोलणाऱ्या मुलांनी हिंदीत नाटक केले. त्या वर्षी मराठी रंगभूमीवर नाटकांची काही कमी नव्हती. पिन्या काळेला मात्र रंगभूमी मिळाली छारानगरात. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण तसे झाले आहे.

पुढच्या वर्षांत या गटाने देशात खूप ठिकाणी प्रयोग केले. दुसऱ्या विमुक्त वस्त्यांमध्ये जाऊन तिथल्या मुलांकडून त्यांची नाटके बसवून घेतली. नाटकातून आयुष्ये कशी वळली त्याची काही उदाहरणे सर्वांना माहीत आहेत. रॉक्सी गागडेकर पत्रकार झाले. कल्पना गागडेकर गुजराती चित्रपटांतल्या अभिनेत्री झाल्या. दक्षिण बजरंगे यांनी माहितीपट केले आणि २०१७ मध्ये 'समीर' हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. वस्तीतली काही मुले दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयापर्यंत पोहोचली. छारानगरवर शाश्वती तालुकदार आणि केरिम फ्रीडमन यांनी केलेला माहितीपट २०११ मध्ये जगभर दाखवला गेला. आणि आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे: छारानगरात वकील पुष्कळ आहेत. ज्या वस्तीला पिढ्यान् पिढ्या कचेरीची पायरी चढावी लागली, तिथल्या मुलांनी शेवटी काळा कोटच चढवला.

पण चित्र गुलाबी करण्यात अर्थ नाही. छारानगरातल्या कितीतरी घरांत आजही गावठी दारू गाळली जाते, आणि गुजरातेत दारूबंदी आहे. हे काम बहुतेक बायका करतात. दिवस उगवायच्या आत भट्टी लावायची, धाड पडली तर माल ओतून द्यायचा, दंड भरायचा, परत लावायची. यातून मुलांची फी भरली जाते. नाटकातल्या काही मुलांचेही शिक्षण असेच झाले आहे आणि ते ही गोष्ट लपवत नाहीत. दारूबंदीच्या राज्यात गिऱ्हाईक कोण आणि कुठल्या सोसायटीतून येते, हे मात्र कोणी नाटकात दाखवावे असे मला नेहमी वाटते.

आपल्या मराठीत ही वाट नाटकाने नव्हे, आत्मकथनाने उघडली, आणि तीही छारानगरच्या बरीच आधी. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले १९८० मध्ये. कैकाडी समाजातल्या, गाढवावर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या मुलाची ती शाळा शिकण्याची गोष्ट. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ चे, त्याला १९८८ चा अकादमी पुरस्कार. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचा हा लेखक. ज्या शब्दाने गाव हाक मारत होते तोच शब्द त्याने पुस्तकावर छापला. आता तो उच्चारायचा तर पुस्तकाचे नाव म्हणून उच्चारावा लागतो.

बेळगावच्या वाचकांना तिसरे नाव मी सांगायला नको. यमनापूरचे भीमराव गस्ती. कन्नड आणि मराठी दोन्हीत वावरणारा हा आपल्या सीमाभागातला माणूस. 'बेरड' हे त्यांचे आत्मकथन मराठीत आले १९८७ मध्ये. कुठेही चोरी झाली की पोलीस बेरडांच्या वस्तीवर येणार, हाताला लागतील ती माणसे नेणार, हे त्यांच्या लहानपणापासूनचे वास्तव. शिकूनसवरून मोठ्या पगाराच्या नोकरीत रमता आले असते, पण ते समाजाच्या कामात पडले. 'उत्थान' या संस्थेतून त्यांनी बेरडांसाठी आणि देवदासींसाठी आयुष्यभर काम केले. २०१७ मध्ये ते गेले. 'आक्रोश' आणि 'सांजवारा' ही त्यांची पुढची पुस्तके. बेळगावात मराठी-कन्नड वादावर आपण तासन् तास बोलतो. दोन्ही भाषांच्या गावांनी ज्यांना सारखेच दाराबाहेर ठेवले त्यांच्याविषयी दोन्ही बाजूंना ऐकवणारा हा लेखक होता. त्याची पुस्तके आपल्या मंडळाच्या कपाटात आहेत का, हे कोणी तरी बघावे.

या पुस्तकांचे आपण कौतुक केले, ती अभ्यासक्रमाला लावली, परीक्षेत त्यांवर प्रश्न विचारले. हे चांगलेच झाले. पण लेखकाला मिळालेली शाल त्याच्या चुलतभावाला ठाण्यात उपयोगी पडत नाही. गोष्ट सांगणारा एकटाच वर येतो आणि वस्ती तिथेच राहते, असा धोका आत्मकथनात असतो. नाटकात तो कमी. नाटक एकट्याने होत नाही, रोज तालमीला यावे लागते, आणि ज्याला वाक्य नाही त्यालाही घोळक्यात उभे राहावे लागते. छारानगरने नाटक निवडले ते याच कारणाने असेल असे मी म्हणत नाही, पण त्याचा फायदा झाला आहे.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. गोष्ट सांगायची मुभा मिळाली की समाजातले आतले प्रश्नही बाहेर येतात. २०१८ च्या सुरुवातीला पुण्यातल्या काही कंजारभाट तरुण-तरुणींनी लग्नानंतरच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध उघड आवाज उठवला. त्यांना जातपंचायतीचा बहिष्कार आणि मारहाण सोसावी लागली. बाहेरच्यांनी आधीच बदनाम केलेल्या समाजाविषयी आपणच असे बोलायचे का, हा प्रश्न त्यांच्याच घरांतून आला असणार. तरी ती मुले बोलली. पोलिसांविरुद्ध बोलताना सगळी वस्ती मागे असते. पंचायतीविरुद्ध बोलताना स्वतःचा चुलताही समोर उभा असतो.

आणि त्याच वर्षी, म्हणजे वाचनालय सुरू होऊन वीस वर्षे होत असताना, जुलैच्या शेवटी एका मध्यरात्री छारानगरवर पोलिसांची मोठी धाड पडली. पोलिसांचे म्हणणे, अवैध दारूविरुद्धची कारवाई. रहिवाशांची तक्रार अशी की घराघरांत शिरून बायका-म्हाताऱ्यांनाही मारले, उभ्या गाड्या फोडल्या, आणि ज्यांचा दारूशी संबंध नाही अशा वकिलांना आणि पत्रकारितेतल्या माणसांनाही सोडले नाही. वीस वर्षे देशभर प्रयोग, बक्षिसे, परदेशांतले महोत्सव, आणि त्या रात्री दारापुढे उभ्या माणसासाठी हे सगळे पुन्हा फक्त छारानगर. वस्तीने उत्तर दिले ते मोर्चा काढून आणि रस्त्यावर नाटक करून. त्यात पहिल्या प्रयोगानंतर जन्मलेली मुलेही होती.

मग या गोष्टी सांगण्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याला माझ्याकडे मोठे उत्तर नाही, पण एक अलीकडचे उदाहरण आहे. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी देशातल्या तुरुंगांविषयी एक वृत्तांत लिहिला. आत गेलेल्या माणसाला कोणते काम द्यायचे हे त्याच्या जातीवरून ठरते, झाडू कोणी मारायचा आणि स्वयंपाक कोणी करायचा याचे नियमच पुस्तिकांत छापलेले आहेत, आणि विमुक्त जमातींच्या माणसांना त्याच पुस्तिका सराईत गुन्हेगार धरून चालतात, असे त्यांनी कैद्यांच्या अनुभवांवरून दाखवून दिले. पुढे त्याच सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने हे नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि राज्यांना पुस्तिका दुरुस्त करायला तीन महिने दिले. १८७१ ला नोंदवहीत जे लिहिले गेले त्यातले काही शब्द खोडायला २०२४ उजाडले, आणि ते खोडले गेले तुरुंगातल्या माणसांनी कोणाला तरी आपली हकिगत सांगितल्यामुळे.

'दुसरी संधी' हा शब्द आपण फार उदारपणे वापरतो. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये दिलेल्या अहवालात विमुक्त आणि भटक्यांची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचा अंदाज आहे. त्यानंतर भिकू इदाते यांचा आयोग झाला. दोन्ही अध्यक्ष मराठी, आणि या लोकांकडे जातीचा दाखला नाही, रेशनकार्ड नाही, राहण्याचा पुरावा नाही हे रडगाणे दोन्हीकडे आहे. यातल्या किती जणांना पहिली संधी मिळाली होती, की आपण दुसरीची भाषा करावी?

आता थोडे घरचे. आपल्या मंडळाच्या ऑगस्टअखेरच्या कार्यक्रमासाठी नाटक सुचवा, असे सगळ्या सभासदांना विचारले गेले होते. मी 'बुधन' सुचवले आणि कार्यकारिणीला तसे पत्र दिले. ३१ तारखेलाच ठेवावे, असेही लिहिले. एका ज्येष्ठ सभासदांनी हसत विचारले, ''म्हणजे त्या दिवशी बायकांनी दागिने घरी ठेवून यायचे का?'' सगळे हसले. माणूस प्रेमळ आहे, कोणाच्या अडीअडचणीला रात्री धावून जाणारा. दुसऱ्या एका वहिनींनी मात्र विचारले की नाटक झाल्यावर त्या मुलांना जेवायला थांबवायचे ना, म्हणजे तसा स्वयंपाक सांगता येईल. थालीपीठ आणि मठ्ठा करावा, असे त्यांचे म्हणणे.

पत्र अजून कार्यकारिणीपुढे आहे. सभागृहाचे भाडे जास्त पडते म्हणून काही जणांनी हरकत घेतली आहे, पण या नाटकाला सभागृह लागत नाही, दिवे लागत नाहीत, पडदाही नाही. सभागृहाबाहेर चपला ठेवतो तेवढे अंगण पुरते.